पहिला हँडहेल्ड कन्सोल घेताना: दुधाच्या पिशवीपासून लॅमिंग्टन रोडपर्यंत

"मावशी, तू सांग. स्टीम डेक घेऊ, स्विच घेऊ की आसूसचा तो ऍलाय?" भाच्याने विचारलं, तेव्हा त्याच्या हातात पहिल्या नोकरीचे चार पगार साठले होते आणि डोक्यात यूट्यूबवरचे चाळीस व्हिडिओ. मी त्याला कुठलंच नाव सांगितलं नाही. आधी फ्रिजमधून दुधाची पिशवी काढायला लावली. ती का, ते पुढे येईलच.

डोंबिवली ते सीएसएमटी असा माझा रोजचा प्रवास आहे आणि गेली सात-आठ वर्षं डब्याच्या पिशवीत एक हँडहेल्ड, म्हणजे हातात धरून खेळायचा कन्सोल, असतोच. या काळात बाजार पार बदलला. आधी हातात धरायचा कन्सोल म्हणजे निन्टेन्डो, एवढंच समीकरण होतं. स्विच तिचाच. आता स्टीम डेकवाली व्हॉल्व्ह, आसूस, लेनोवो, एमएसआय, सोनी आणि आसूसचा हात धरून मायक्रोसॉफ्टही या धंद्यात उतरले आहेत. नव्या माणसाचा गोंधळ होणं साहजिक आहे. हा लेख त्या नव्या माणसासाठी आहे. किमती रोज हलतात, त्या घ्यायच्या दिवशी पाहा. यंत्र कसं पारखायचं ते मात्र आजच शिकून घेता येतं.

सुरुवात: कंपनीने काय सोडलं ते शोधा

जाहिरात काय दिलं ते सांगते. तुम्ही काय सोडलं ते शोधा. मुठीत मावणाऱ्या यंत्रात बॅटरी, वजन, पडदा, वेग आणि किंमत एकाच ताटात वाढायची असतात. एकाला जास्त वाढलं की दुसऱ्याच्या वाट्याचं कमी होतं.

याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण १९८९चं आहे. निन्टेन्डोचा गेम बॉय त्या वर्षी आला. पडदा हिरवट, रंग नाहीत, मागून उजेड नाही. त्याच वर्षी अटारीचा लिंक्स आला, पुढच्या वर्षी जपानमध्ये सेगाचा गेम गिअर. दोघांचे पडदे रंगीत आणि उजळ. दुकानात शेजारी शेजारी ठेवले असते तर गेम बॉयकडे कुणी पाहिलंही नसतं. पण गेम बॉयला चार पेन्सिल सेल लागायचे आणि ते दहा-पंधरा तास सहज चालायचे. लिंक्स आणि गेम गिअर सहा सेल चार-पाच तासांत संपवायचे. शिवाय अमेरिकेत गेम बॉय सुमारे ९० डॉलरला होता आणि लिंक्स त्याच्या दुप्पट किमतीला. गेम बॉय आणि त्याचा रंगीत अवतार मिळून ११ कोटी ८६ लाखांवर विकले गेले. इतरांची नावं आज संग्राहकांनाच माहीत आहेत.

गेम बॉयमागचे अभियंते गुन्पेई योकोई यांचा विचार असा होता की जुनं, स्वस्त, पुरेपूर पारखलेलं तंत्रज्ञान घ्यावं आणि त्याचा वापर नव्या तऱ्हेने करावा. त्यांची एक गोष्ट सांगतात. बुलेट ट्रेनमध्ये एक कंटाळलेला प्रवासी कॅल्क्युलेटरची बटणं उगाच दाबत बसलेला त्यांना दिसला आणि त्यावरून १९८०चं 'गेम अँड वॉच' सुचलं. लोकलमध्ये उभं राहून हे आठवलं की मला फार आपलं वाटतं. निन्टेन्डोचा हा सगळा धंदाच मुळी गाडीतल्या कंटाळ्यातून जन्मला. आपल्याकडे नव्वदच्या दशकात जत्रेत आणि स्टेशनबाहेर मिळणारा ब्रिक गेम त्याच वाटेवरचा. दोन पेन्सिल सेल घालायचे आणि ठोकळे रचत बसायचं. माझी सुरुवात त्याच्यावरच झाली.

आता दुधाची पिशवी

अर्ध्या लिटरची भरलेली पिशवी साधारण पाचशे ग्रॅमची असते. ती दोन्ही हातांत छातीसमोर धरा, कोपरं कशालाही टेकवू नका आणि मोबाइलवर दहा मिनिटांचा टायमर लावा. भाच्याची मनगटं सातव्या मिनिटाला खाली यायला लागली.

आता आकडे पाहा. २०१७चा पहिला स्विच जॉय-कॉनसकट, म्हणजे दोन बाजूंच्या सुट्या होणाऱ्या कंट्रोलरसकट, सुमारे ४०० ग्रॅम. ५ जून २०२५ला आलेला स्विच २ सुमारे ५३४. आसूसचा पहिला ऍलाय ६०८, स्टीम डेकचा ओएलईडी (ठिपके स्वतःच उजळणारा पडदा) अवतार ६४०, ऍलाय एक्स ६७८ आणि लेनोवोचा पहिला लीजन गो तब्बल ८५४ ग्रॅम. ८.८ इंचांचा पडदा आणि सुटे होणारे कंट्रोलर हवे असतील तर एवढं वजन उचलावंच लागतं. घरी मांडीवर उशी घेऊन खेळणाऱ्याला ते चालून जाईल. लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथ्या सीटवर अर्धं अंग बाहेर लोंबत असताना नाही.

पण नुसत्या ग्रॅमवर जाऊ नका. डेक स्विचपेक्षा बराच जड असूनही माझ्या हाताला जास्त वेळ सोसतो, कारण त्याच्या दोन्ही बाजूंना तळहात भरेल अशी जाड मूठ आहे आणि वजन बोटांऐवजी तळव्यावर बसतं. स्विच सपाट पाटीसारखा आहे. तो पिशवीत छान सरकतो, पण अर्ध्या तासाने करंगळीच्या बाजूला रग लागते. म्हणून ओळखीत कुणाकडे असेल तर त्याचा कन्सोल मागून घ्या आणि किमान वीस मिनिटं खेळा. दुकानातली दोन मिनिटं काही सांगत नाहीत.

बॅटरीचा हिशोब

हा हिशोब कुणालाही जमतो. बॅटरीची क्षमता वॅट-अवरमध्ये लिहिलेली असते. तिला यंत्र खात असलेल्या वॅटने भागा. उत्तर तासांत येतं.

पहिल्या स्टीम डेकची बॅटरी ४० वॅट-अवरची. एखादा जड गेम चालताना सगळं मिळून वीस वॅट खाल्ले तर दोन तास. तोच डेक एखाद्या हलक्या द्विमितीय गेमला आठ वॅटच खात असेल तर पाच तास. पहिल्या ऍलायलाही ४० वॅट-अवरच होते, पण त्याची चिप जोरात चालवली की पंचवीस-तीस वॅट नुसती चिपच मागायची. मग दीड तासही अवघड. आसूसने ते ओळखलं आणि २०२४च्या ऍलाय एक्समध्ये बॅटरी थेट ८० वॅट-अवरची केली. वजन वाढलं ते सत्तर ग्रॅमच. माझ्या मते या पिढीतली सगळ्यात शहाणी दुरुस्ती तीच.

डोंबिवलीहून जलद गाडीने तास-सव्वा तास, परतीचा तेवढाच. म्हणजे मला अडीच तास हवेत, दहा नकोत. तुमचा आकडा तुम्ही काढा. विरारवाल्याचा वेगळा, घाटकोपर-वर्सोवा मेट्रोवाल्याचा वेगळा. मेट्रोच्या वीस मिनिटांसाठी ८० वॅट-अवर खांद्यावर वाहण्याची गरज नाही.

आणखी एक. मोबाइलची पॉवर बँक इथे पुरत नाही. डेकला ४५ वॅटचा आणि ऍलायला ६५ वॅटचा चार्जर लागतो. अठरा-वीस वॅटच्या पॉवर बँकेवर खेळत राहिलात तर चार्जिंगची खूण दिसते आणि बॅटरी मात्र उतरतच जाते. पॉवर बँक घेताना 'पीडी' (यूएसबी-सीवरून जास्त वॅट देणारी पद्धत) आणि वॅटचा आकडा वाचा, एमएएचच्या मोठ्या आकड्याला भुलू नका.

पडदा

थोडक्यात सांगते. डेकच्या पडद्यावर १२८० गुणिले ८००, म्हणजे सुमारे १० लाख ठिपके आहेत. ऍलायच्या १०८०पी पडद्यावर जवळपास २१ लाख. पहिल्या लीजन गोवर ४१ लाख. प्रत्येक ठिपका सेकंदाला कितीतरी वेळा चिपला रंगवावा लागतो आणि त्याची वीज बॅटरीतून जाते. सात इंचांवर वीत-दीड वीत अंतरावरून डेकचे ठिपके मला तरी खुपत नाहीत. ओएलईडीचा काळा रंग मात्र रात्रीच्या गाडीत खरोखर डोळ्यांत भरतो. दिवसा खिडकीशी बसणाऱ्यांनी पडद्याचा उजेड आणि चकाकी आधी तपासावी.

काडी: यंत्र जिथे आधी मरतं

अंगठ्याखालच्या काडीबद्दल, म्हणजे स्टिकबद्दल, मी मुद्दाम लांबण लावणार आहे, कारण माझे पैसे इथेच बुडाले होते.

जुन्या पद्धतीच्या काडीखाली कार्बनचा एक पट्टा असतो आणि त्यावर धातूची बारीक जीभ घासत फिरते. ती कुठे टेकली आहे त्यावरून यंत्राला दिशा कळते. हजारो वेळा घासली की पट्टा झिजतो, त्यात धूळ आणि ओल शिरते, आणि मग तुम्ही हात लावला नाही तरी गेममधला माणूस आपोआप डावीकडे चालायला लागतो. याला ड्रिफ्ट म्हणतात. हॉल इफेक्ट काडीत घासणं नसतंच. चुंबक फिरतं आणि सेन्सर ते न शिवता ओळखतो. लीजन गो आणि एमएसआयच्या क्लॉमध्ये हॉल काड्या आहेत. स्टीम डेकमध्ये त्या नाहीत. आणि पहिल्या जॉय-कॉनच्या ड्रिफ्टवरून जगभर एवढा गदारोळ होऊनही स्विच २मध्ये हॉल काड्या दिलेल्या नाहीत. हे मला मनापासून खटकतं.

दुकानात करायची परीक्षा अशी. सेटिंगमध्ये कंट्रोलर तपासायचा पडदा उघडा, त्यावर एक वर्तुळ आणि त्यात एक ठिपका दिसतो. काडी सोडा. ठिपका बरोबर मध्यावर स्थिर राहायला हवा, थरथरायला नको. मग काडी कडेकडेने सावकाश गोल फिरवा. ठिपक्याने पूर्ण वर्तुळ काढलं पाहिजे, कुठे कोपरा कापायला नको. शेवटी काडी एका बाजूला ओढून एकदम सोडा, असं चारही दिशांना दहा-दहा वेळा. दर वेळी ठिपका त्याच जागी परत आला तर ठीक. सेकंडहँड घेताना ही परीक्षा केल्याशिवाय पैसे देऊ नका. मी केली नव्हती. बिलही घेतलं नव्हतं. तिसऱ्या महिन्यात डावी काडी गेली आणि दुकानदाराने शांतपणे सांगितलं, "मॅडम, टेस्टिंग वॉरंटी सात दिवसांची असते."

यंत्रामागचं दुकान कुणाचं?

कोण कुणाशी आणि कशावर लढतंय हे इथे उलगडतं, आणि नवा माणूस नेमका हाच भाग वगळतो.

व्हॉल्व्ह ही कंपनी मुळात गेम विकते. स्टीम या तिच्या ऑनलाइन दुकानात विकल्या जाणाऱ्या गेमच्या पैशांतून ती साधारण ३० टक्के घेते. त्यामुळे २०२२च्या फेब्रुवारीत डेक ३९९ डॉलरपासून आणताना यंत्रावर फारसा नफा नाही मिळाला तरी तिला चालणार होतं. यंत्र घेणारा पुढे गेम तिच्याकडूनच घेणार. आसूस, लेनोवो, एमएसआय यांना गेमच्या विक्रीतला वाटा नाही. त्यांचा नफा यंत्रातच आहे. म्हणून ती यंत्रं महाग असतात, जास्त ताकदवान असतात आणि दर वर्षा-दीड वर्षाने नवी येतात. व्हॉल्व्हने मात्र डेकच्या चिपची ताकद फारशी न वाढवता २०२३च्या शेवटी पडदा आणि बॅटरी सुधारली.

निन्टेन्डोचं गणित तिसरंच. मारिओ आणि झेल्डा हे तिचे मोठे गेम दुसऱ्या कुणाच्या हँडहेल्डवर अधिकृतपणे चालतच नाहीत. आकड्यांत तिचं यंत्र मागे असलं तरी ज्याला तेच गेम हवेत त्याला पर्याय नाही. स्विच २ पहिल्या चार दिवसांत ३५ लाखांहून जास्त विकला गेला, तो याच जोरावर. सोनीने पीएसपी आणि व्हिटा हे हँडहेल्ड काढून पाहिले. व्हिटाला तर स्वतःचंच महागडं मेमरी कार्ड लागायचं आणि ग्राहकांनी ते कधीच माफ केलं नाही. आता सोनीचा पोर्टल आहे तो मुख्यतः घरातल्या पीएस५चा, म्हणजे सोनीच्या टीव्हीला जोडायच्या कन्सोलचा, खेळ वायफायवरून हातात आणतो. त्याला किमान ५ एमबीपीएस लागतात, नीट चालायला १५. घरात टीव्हीवर मालिका चालू असेल तर पोर्टल फार उपयोगी आहे. कळवा-मुंब्र्याच्या पट्ट्यात नेटवर्कच्या भरवशावर तो घेऊ नका.

मग प्रश्न येतो सॉफ्टवेअरचा. डेकवर विंडोज नाही, लिनक्स या दुसऱ्या प्रणालीवर आधारलेली स्टीमओएस आहे आणि प्रोटॉन नावाच्या थरामुळे विंडोजचे बहुतेक गेम तिच्यावर चालतात. माझ्या दृष्टीने तिची सगळ्यात मोठी देणगी म्हणजे झोप. सीएसएमटी आलं, बटण दाबलं, पडदा काळा. संध्याकाळी तेच बटण दाबलं की गेम त्याच उडीच्या मध्यावर पुन्हा सुरू. विंडोजच्या हँडहेल्डवर हे इतक्या भरवशाने होत नाही, शिवाय सात इंचांच्या पडद्यावर विंडोजचे बारीक चौकोन बोटाने दाबताना जीव जातो. मायक्रोसॉफ्टलाही ते कळलं आहे. १६ ऑक्टोबर २०२५ला आसूसबरोबर आणलेल्या आरओजी एक्सबॉक्स ऍलायमध्ये डेस्कटॉप बाजूला ठेवून थेट एक्सबॉक्सचा, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या गेमिंगचा, पूर्ण पडदा उघडतो. दुसऱ्या बाजूने व्हॉल्व्हने आपली स्टीमओएस लेनोवोच्या लीजन गो एसला दिली, म्हणजे आता भांडण यंत्रांचं कमी आणि आतल्या प्रणालीचं जास्त झालं आहे.

पण स्टीमओएस घेण्याआधी तुमच्या गेमची यादी काढा. फोर्टनाइट आणि व्हॅलोरंट तिच्यावर चालत नाहीत, कारण खेळातली लबाडी पकडणारी त्यांची यंत्रणा लिनक्सवर चालू दिलेली नाही. मित्रांबरोबर रोज तेच खेळणाऱ्याने विंडोजवालाच घ्यावा, तिथे माझी झोपेची आवड बाजूला राहू द्या.

स्विच २ घेणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. जुनं मायक्रोएसडी कार्ड त्यात गेम ठेवायला चालत नाही, मायक्रोएसडी एक्सप्रेसच लागतं आणि ते महाग आहे. आणि काही खोक्यांतल्या कार्डावर गेम नसतोच, नुसती किल्ली असते. गेम नेटवरून उतरवावा लागतो. खोक्यावर तसं लिहिलेलं असतं, वाचा.

स्वस्तातले छोटे रेट्रो, म्हणजे जुने गेम खेळवणारे, कन्सोलही दिसतील, अँबर्निक, मियू, रेट्रॉइड. शर्टाच्या खिशात बसतात आणि हातात खरोखर गोड वाटतात. पण त्यांच्यासोबत हजारो गेम भरलेलं कार्ड देतात, ते गेम बहुतेक विनापरवाना असतात. यंत्र घ्या, कार्ड नको म्हणा.

मुंबईत घेताना

आसूस आणि एमएसआय आपली यंत्रं भारतात अधिकृतपणे विकतात. पहिला ऍलाय २०२३च्या जुलैत इथे ६९,९९० रुपयांना आला होता. व्हॉल्व्ह डेक भारतात विकत नाही आणि निन्टेन्डोचं भारतासाठीचं ई-शॉपही, म्हणजे गेमचं ऑनलाइन दुकानही, नाही. तरी लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात किंवा हाजीअलीच्या हिरा पन्ना बाजारात डेक आणि स्विच दोन्ही काचेमागे मांडलेले दिसतात. तो इम्पोर्टेड माल. कुणी सिंगापूरहून, कुणी दुबईहून आणलेला. यंत्र खरंच असतं, पण कंपनीची इथली वॉरंटी त्याला नसते. 'दुकानाची वॉरंटी' म्हणजे नेमकं काय, ते बिलावर लिहून घ्या. काडी, पडदा, बॅटरी यांतलं काय बदलून मिळणार, किती दिवसांत, सुटे भाग कुठून येणार.

ग्रँट रोडला उतरून पूर्वेला पाच-सात मिनिटं चाललात की लॅमिंग्टन रोड. कामाच्या दिवशी सकाळी जा, शनिवारी संध्याकाळी दुकानदाराला बोलायलाही उसंत नसते. तीन दुकानांत भाव विचारा आणि दर वेळी एकच वाक्य बोला, "बिलासकट किती?" बिनबिलाचा भाव ऐकूच नका. खोकं तुमच्यासमोर उघडायला सांगा, सीरियल नंबर यंत्रावर आणि खोक्यावर जुळतो का पाहा, चार्जरची पिन आपल्या सॉकेटची आहे का पाहा, आणि वरची काडीची परीक्षा तिथेच उभं राहून करा. चांगला दुकानदार याला कधीच वैतागत नाही.

डेक आणि स्विचच्या बाबतीत मी एक हिशोब करते. इम्पोर्टेड यंत्राच्या किमतीत दुरुस्तीचे पाच-सात हजार मनातल्या मनात आधीच मिळवायचे आणि मग अधिकृत विकल्या जाणाऱ्या यंत्राशी तुलना करायची. बऱ्याचदा जो फरक मोठा वाटत होता तो विरघळतो. अपवाद एकच, डेक स्क्रू काढून उघडता येतो, त्याचे सुटे भाग परदेशात अधिकृतपणे मिळतात आणि काडी बदलणं लॅमिंग्टन रोडच्या चांगल्या कारागिराला जमतं. माझी शेवटी तशीच बदलली.

घरी आणल्यावर

मुंबईचा उकाडा हा या यंत्रांचा खरा शत्रू. २०२२च्या उन्हाळ्यात व्हॉल्व्हनेच सांगितलं होतं की डेक ३५ अंशांपर्यंतच्या हवेत सगळ्यात नीट चालतो, त्यापुढे चिप स्वतःला वाचवायला मंदावते. मे महिन्यात दुपारच्या बिनएसी डब्यात आपण त्या आकड्याला टेकलेलेच असतो. म्हणून वरच्या जाळीवर बोटं ठेवू नका, गादीवर पालथा ठेवून चार्ज करू नका, आणि चालू यंत्र बॅगेत कोंबू नका. पहिल्या ऍलायमध्ये कार्डाची खाच गरम हवेच्या वाटेशेजारीच होती आणि उष्णतेने ती बिघडू शकते हे आसूसने मान्य केलं होतं. सेकंडहँड ऍलाय घ्यायचा असेल तर अर्धा तास जड गेम चालवून मग कार्ड वाचलं जातं का ते पाहा.

पावसाळ्यात यंत्र झिपच्या पिशवीत, सोबत बुटांच्या खोक्यात मिळणाऱ्या सिलिका जेलच्या दोन पुड्या. भिजून आल्यावर लगेच चार्जिंगला लावायचं नाही. पिन घालण्याआधी पोर्टमध्ये ओल नाही ना ते पाहायचं. महिनोन्महिने न वापरता ठेवायचं असेल तर बॅटरी अर्धी भरून ठेवायची, पूर्ण रिकामी कधीच नाही.

भाच्याने शेवटी ऍलाय एक्स घेतला, कारण त्याचे मित्र फोर्टनाइट खेळतात आणि तो कल्याणहून अंधेरीला जातो, दादरला गाडी बदलून. काडीची परीक्षा त्याने दुकानात केली, चारही दिशांना दहा-दहा वेळा, मागे दोन गिऱ्हाइकं खोळंबलेली असताना. बिलाचा फोटो त्याने मलाही पाठवून ठेवला आहे.